रिकाम्या चौकटीतलं बेट

"इबू मिना, तुमच्या टेबलमधला तांदूळ आमच्या बेटावर पोचत नाही," पाक योहानिस म्हणाले.

सोमवारची दुपार होती. झूमवर अकरा चौकोन. त्यातले नऊ इंडोनेशियातल्या नऊ युनिव्हर्सिटींचे, एक माझा बॉस ग्रॅहमचा आणि एक माझा. लॉकडाउन लागून बरेच दिवस झाले होते. मी ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगच्या घरी, मागच्या सनरूममध्ये, कपडे वाळत घालायचा स्टँड बाजूला सारून बसले होते. खिडकीतून पोर्ट केम्बलाच्या स्टीलवर्क्सची धुराडी दिसत होती. तिथे मी आधी दहा वर्षं प्रोग्रॅमिंग केलं. मग युनिमध्ये, म्हणजे इथल्या युनिव्हर्सिटीत आले.

मला वाटलं, नेट अडखळतंय. "सॉरी पाक, परत सांगता?"

"तुमचं टेबल म्हणतं की आमच्या बेटाला सगळा तांदूळ शेजारच्या मोठ्या बेटावरून येतो. येत नाही. या मोसमात तर मुळीच नाही."

इंडोनेशियात बाईला आदराने इबू म्हणतात आणि पुरुषाला पाक. या शब्दांचा मूळ अर्थ आई आणि बाप. माझं नाव फिलोमिना. वसईत सगळे फिलू म्हणायचे. पण या लोकांनी पहिल्याच मीटिंगमध्ये मिना करून टाकलं, कारण त्यांच्याकडे मिना म्हणजे मासा. म्हटलं, आमच्याकडेही मीनच. त्यानंतर मी त्यांची इबू मिना झाले.

आमचं काम काय होतं ते आधी सांगते.

रीजनल सायन्स नावाचा एक विषय आहे. देशातली ठिकाणं एकमेकांवर कशी अवलंबून असतात, याचा अभ्यास. माझ्या आईला फोनवर मी असं समजावलं होतं: वसईची भाजी दादरला जाते, दादरचं कापड वसईला येतं. आता देशातल्या प्रत्येक गावाचं असं देणंघेणं एकाच कागदावर मांड. आडव्या ओळीत पाठवणारे, उभ्या ओळीत घेणारे. प्रत्येक चौकटीत, याच्याकडून त्याच्याकडे किती गेलं. याला इनपुट-आउटपुट टेबल म्हणतात. आई म्हणाली, "एवढा मोठा कागद ठेवतेस कुठे?" कागद नव्हताच. लाखो चौकटींची फाइल होती आणि ती चालवणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता.

इंडोनेशिया म्हणजे हजारो बेटं. अशा देशाचं टेबल एका युनिव्हर्सिटीने करणं शक्यच नाही. म्हणून सुमात्रापासून पापुआपर्यंतच्या नऊ युनिव्हर्सिटींनी आपापला भाग वाटून घेतला होता. अर्थशास्त्रवाले, भूगोलवाले, शहरनियोजनवाले, सगळे त्यात होते. जावामधल्या इबू सिती या सगळ्यांना बांधून ठेवत. कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअर आमचं. ज्ञान त्यांचं. निदान कागदावर तरी तसं लिहिलेलं होतं. खरं सांगायचं तर त्या सोमवारपर्यंत मला वाटायचं की खरं ज्ञान माझ्या प्रोग्रॅममध्येच आहे.

त्या आठवड्यात घाई होती. तिकडे कोविडची लाट भयंकर होती. जहाजांवरचे खलाशी आजारी पडत होते. पूर्वेकडच्या एका प्रांतात सरकारी जहाजं आहेत. जिथे खाजगी कंपन्या जात नाहीत त्या लहान बेटांना ती माल आणि माणसं पोचवतात. सगळी जहाजं चालवायला माणसं पुरणार नव्हती. प्रांताच्या वाहतूक विभागाने आमच्या गटाला विचारलं होतं: काही महिने कोणत्या फेऱ्या थांबवल्या तर सगळ्यात कमी नुकसान होईल? यादी शुक्रवारी दुपारी बारापर्यंत हवी.

यादी तयार होती. लाल म्हणजे ही फेरी थांबवू नका. हिरवं म्हणजे थांबवली तरी चालेल. पाक योहानिस ज्या बेटाचे होते ते हिरवं होतं. त्या बेटाला मी इथे लामेरू म्हणते. खरं नाव वेगळं आहे.

पाक योहानिस त्या प्रांतातल्या एका छोट्या युनिव्हर्सिटीत लेक्चरर. बुटके, शांत, कायम इस्त्रीचा शर्ट. दोन वर्षांत मीटिंगमध्ये ते स्वतःहून फार तर चार वेळा बोलले असतील.

"शेजारच्या बेटाचं अंतर किती कमी आहे बघा ना पाक," मी नकाशा शेअर केला. "आणि तिथे भात पिकतो."

"अंतर कमी आहे," ते म्हणाले. "पण आत्ता मुसिम तिमूर आहे. पूर्वेच्या वाऱ्याचा मोसम. मधला समुद्र आत्ता होडीला पार करू देत नाही. आमचा तांदूळ लांबच्या बंदरातून येतो, त्या सरकारी जहाजाने. ते नसेल तर आम्ही रताळी खाऊ. ती संपली की काय, ते मला माहीत नाही."

ग्रॅहमने घसा साफ केला. "योहानिस, आय हिअर यू, मेट. पण एका माणसाचं सांगणं म्हणजे डेटा नाही. आपल्याकडे टेबल आहे, ते बॅलन्स झालेलं आहे."

पाक योहानिस "हो" म्हणाले आणि म्यूट झाले. त्यांचा चेहरा तसाच शांत होता. 

मीटिंग संपल्यावर मी लामेरूची आडवी-उभी ओळ उघडली. टेबलमध्ये सगळे आकडे दिसत होते. पण ते शेवटचे आकडे. मूळ बंदरांचा डेटा वेगळ्या फाइलमध्ये असतो. ती उघडली. लांबच्या बंदरातून लामेरूला काय गेलं, त्या चौकटीत काहीच नव्हतं. शून्य नव्हे, रिकामी जागा. बंदराच्या ऑफिसने त्या वर्षीची माहिती पाठवलीच नव्हती.

मग टेबलमध्ये त्या जागी शून्य कुठून आलं?

प्रोग्रॅममध्ये शोधलं. पाच मिनिटं लागली. एक ओळ होती: रिकामं दिसलं तर शून्य घाल. ओळीच्या शेवटी लिहिणाऱ्याची आद्याक्षरं असतात. ती माझी होती. प्रोजेक्टच्या पहिल्या वर्षी, काहीतरी दाखवायची घाई होती तेव्हा, मीच ती टाकली होती. नंतर बदलू म्हणून.

पुढे काय झालं असणार ते मला उठून चहा करता करताच कळलं. लांबच्या बंदरातून शून्य. मग बेटाला तांदूळ कुठून तरी यायलाच हवा. जिथे माहिती नसते तिथे प्रोग्रॅम अंदाज बांधतो: ठिकाणं जितकी मोठी आणि जितकी जवळ, तितकी त्यांची देवाणघेवाण जास्त. शाळेतल्या गुरुत्वाकर्षणासारखंच, म्हणून त्याला ग्रॅव्हिटी मॉडेल म्हणतात. प्रोग्रॅमने जवळचं मोठं बेट बघितलं आणि सगळा तांदूळ तिथून आणला. नकाशावर सरळ रेघ. समुद्र, वारा, मोसम यातलं त्याला काही ठाऊक नव्हतं. मग बॅलन्सिंग, म्हणजे आडव्या-उभ्या बेरजा जुळेपर्यंत सगळे आकडे थोडे थोडे हलवणं. त्याने सगळं सुरेख जुळवून दिलं. चूक होती तशीच राहिली, फक्त नीटनेटकी झाली.

मंगळवारी सकाळी ग्रॅहमला फोन केला.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "कोडमध्ये आहे. लामेरूपुरतीच नाही."

"किती रिकाम्या चौकटी आहेत?"

"त्या प्रांतातच शेकड्यांनी."

 ग्रॅहम चांगला माणूस. पस्तीस वर्षं याच विषयात काढलेली. "बंदरांना विचारता येईल?"

"ऑफिसं बंद आहेत. निम्मा स्टाफ आजारी आहे."

"मग फूटनोट टाकू. शुक्रवार तीन दिवसांवर आहे, मिना."

दुपारी सगळ्यांना सांगितलं. झूमवर दहा जणांसमोर स्वतःची चूक सांगणं सोपं नसतं. मी शेअर स्क्रीन करून ती ओळ दाखवली.  मग इबू सिती म्हणाल्या, "थँक यू, इबू मिना. आता आपल्याला माहीत आहे की आपल्याला काय माहीत नाही." त्या साठीच्या. डोक्यावर फिकट निळा हिजाब, हातात कायम पेन्सिल. "पण प्रोफेसर ग्रॅहम, फूटनोट नको. जहाजांचं ठरवणारा ऑफिसर यादीतला रंग बघतो. फूटनोट मी सोडून कोणी वाचत नाही."

"मग काय करायचं?" ग्रॅहमने विचारलं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच सुचत नव्हतं.

पाक योहानिसनी हात वर केला. झूमवर असा खरा हात वर करणारे ते एकटेच.

"आमचा कॅम्पस बंद आहे," ते म्हणाले. "मुलं घरी गेली आहेत."

"हो, आमचीही," कोणीतरी म्हणालं.

"आमच्या मुलांचं घर म्हणजे ही बेटं," पाक योहानिस म्हणाले. "प्रत्येक बेटावर कोणाचा ना कोणाचा विद्यार्थी आत्ता बसलेला आहे. आपण त्यांना विचारू."

मला आठवतं, मी म्यूटवर होते आणि तोंडातून "अगं बाई" निघालं. जगातली कुठलीही संस्था लाखो डॉलर ओतून एवढ्या बेटांवर एका आठवड्यात माणसं नेमू शकली नसती. ती माणसं तिथे आधीच होती. ज्या आजाराने जहाजं थांबवली, त्यानेच त्यांना घरी पाठवलं होतं. आणि ती काही नुसती माणसं नव्हती. अर्थशास्त्र, भूगोल शिकणारी होती. प्रश्न विचारायला शिकलेली होती.

अर्ध्या तासात प्रश्न ठरले. पाचच. शेवटचं जहाज कधी आलं? कुठून? काय उतरवलं? त्याआधीचं कधी? या महिन्यात छोटी होडी शेजारच्या बेटावर जाऊ शकते का? इबू सितींनी वर मोठ्या अक्षरात लिहिलं: गर्दीत जायचं नाही, घरातल्या माणसांना विचारा, बाकीच्यांना फोन करा. नऊ युनिव्हर्सिटींच्या विभागांनी ते आपापल्या ग्रुपवर टाकलं. फक्त त्या प्रांतातल्या युनिव्हर्सिटीने नाही, सगळ्यांनी. कारण बेटावरची मुलं शिकायला कुठे कुठे गेलेली होती. सुमात्रात, जावात, सुलावेसीत.

मी एक साधा नकाशा बनवला. ज्या बेटाबद्दल माहिती नाही ते राखाडी. उत्तर आलं की निळं. बस, एवढंच.

बुधवारी सकाळी उठून लॅपटॉप उघडला तेव्हा चार ठिपके निळे होते. दात घासून आले तर नऊ. दहाला चहा घेऊन बसले आणि मग उठताच आलं नाही. ठिपके एकामागून एक निळे होत होते. उत्तरेकडे दोन, मग खाली दक्षिणेला ओळीने पाच, मग जिथे बेट आहे हेही मला माहीत नव्हतं अशा जागी एक. प्रत्येक ठिपक्यामागे एक माणूस होता, जो आत्ता आपल्या आईला, काकाला, धक्क्यावरच्या हमालाला काहीतरी विचारत होता. दोन वर्षं मी ही बेटं ओळी आणि स्तंभ म्हणून बघितली होती. त्या सकाळी पहिल्यांदा ती मला बेटं म्हणून दिसली.

माझी मुलगी ॲना ब्रेकफास्टचा बाउल घेऊन मागे येऊन उभी राहिली. "ममी, इज दॅट लाइव्ह?"

"हो. आत्ता होतंय ते."

"हू आर दे?"

"विद्यार्थी. तुझ्याएवढे."

ती बाउल संपेपर्यंत तिथेच उभी होती. मग तिने खुर्ची ओढली.

दुपारी लामेरू निळं झालं. तिथून उत्तर पाठवलं होतं डेसी नावाच्या मुलीने. पाक योहानिसची दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. तिने फॉर्म भरला होताच, सोबत सात मिनिटांची व्हॉइस नोट होती. त्यात एक म्हातारी बोलत होती. मामा टिना. तिकडे वयस्क बाईला मामा म्हणतात. ती चाळीस वर्षं धक्क्यावर बसून विकते. जे येईल ते घेते, जे असेल ते विकते. डेसीने विचारलं होतं, शेवटच्या जहाजातून काय उतरलं. मामा टिनाने शेवटच्या जहाजापासून सुरुवात केली आणि मागे मागे जात दीड वर्षापर्यंत पोचली.

झूमवर आम्ही सगळे मिळून ऐकत होतो आणि इबू सिती वाक्यावाक्याला इंग्रजीत सांगत होत्या. जहाजांची तारीख मामा टिनाला माहीत नव्हती. ती जहाजं अशी ओळखत होती: सिमेंट भिजून आलं ते. नवी नर्स उतरली ते. तेल आलंच नाही, सगळ्यांनी उकडून खाल्लं, ते. आणि प्रत्येक जहाजातली तांदळाची पोती, साखर, रॉकेल, औषधांची खोकी. कुठल्या बंदरातून. परत जाताना किती सुकं खोबरं आणि किती सुकी मासळी गेली. एकदाही अडखळली नाही. मधे एकदा फक्त हसली. इबू सिती म्हणाल्या, "ती डेसीला विचारतेय, ऑस्ट्रेलियाला आमचा तांदूळ कशाला हवाय?"

सगळे हसले. ग्रॅहम हसला नाही. तो पुढे वाकून ऐकत होता.

"इट्स रिमार्केबल," तो म्हणाला. "पण मला तपासायला हवं. सॉरी. पण हवंच."

त्याचं बरोबर होतं. आणि मला हेही सांगायचंय की कोणाला त्याचा राग आला नाही. उलट पाक योहानिसच म्हणाले, "तपासूच." एका बंदराची नोंद आमच्याकडे पूर्ण होती. जहाजागणिक, मालागणिक. तिथल्या विद्यार्थ्याला नोंद न दाखवता सांगितलं की धक्क्यावर विकणाऱ्या दोघींना स्वतंत्रपणे फोन कर आणि हेच पाच प्रश्न विचार. संध्याकाळी उत्तरं आली. मी शेजारी शेजारी लावली. दोघींचं एकमेकींशी जुळत होतं आणि दोघींचं नोंदीशी. एका जहाजाचा फरक होता. ते जहाज नोंदीत होतं, दोघींच्या आठवणीत नव्हतं. पाक योहानिसनी बंदरातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. ते जहाज वादळामुळे धक्क्याला लागलंच नव्हतं. नोंद आधीच करून ठेवलेली होती.

 मी ग्रॅहमकडे बघत होते. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"राइट," तो म्हणाला. "योहानिस, सोमवारी मी जे म्हणालो ते मी मागे घेतो."

"नो वरीज, मेट," पाक योहानिस म्हणाले. हे ते कुठून शिकले देव जाणे. पण ऑस्ट्रेलियन माणसाला ऑस्ट्रेलियन शब्दांत माफ करणारे ते मी पाहिलेले पहिलेच इंडोनेशियन.

गुरुवारी सकाळी इबू सितींचा चौकोन नव्हता. ग्रुपवर त्यांच्या सहकाऱ्याचा मेसेज होता: इबू सिती पॉझिटिव्ह आहेत, ताप आहे, घरीच आहेत. त्यांच्याकडे सगळ्यात जास्त काम होतं. आलेली उत्तरं वाचायची, बोलीतून इंडोनेशियनमध्ये आणायची, शंका असेल तिथे परत फोन करायचा, मग मला द्यायची. मी हातात पेन घेऊन बसले, कोणाला काय वाटून द्यायचं याची यादी करायला.

यादी करायची वेळच आली नाही. मेसेजच्या खाली पहिलं उत्तर सुलावेसीतून आलं: उत्तरेची बेटं आमच्याकडे. मग सुमात्रा: दक्षिणेची ओळ आमच्याकडे. मग पापुआ, मग बाली. वीस मिनिटांत सगळं वाटून झालं. कोणी कोणाला सांगितलं नाही, कोणी "आमचा प्रांत नाही" म्हटलं नाही. मी तीन देशांतल्या ऑफिसांत काम केलंय. एका माणसाचं काम दुसऱ्याकडे द्यायला किती मीटिंगा लागतात ते मला माहीत आहे. तो ग्रुप मी दोन-तीनदा वर-खाली स्क्रोल करून बघितला. आपण काहीतरी न दिसणारं बघतोय असं वाटलं.

पाक योहानिसचा मला वेगळा मेसेज आला. "इबू सिती आमच्या सगळ्यांच्या गुरू आहेत. आमच्यातल्या सहा जणांना त्यांनीच शिकवलं. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. दोन वर्षं रोज ईमेल करूनही.

दुपारी तीनपर्यंत चौकटी भरल्या. एक बेट सोडून. तिथे कोणाचाच विद्यार्थी नव्हता. फोन लागत नव्हता. सवयीने माझा हात शून्याकडे गेला. मग मी प्रोग्रॅममधली ती जुनी ओळ काढून टाकली आणि त्या बेटापुढे लिहिलं: माहीत नाही. त्याचा रंग लालही नाही, हिरवाही नाही. पट्ट्यापट्ट्यांचा केला.

युनिच्या मोठ्या कॉम्प्युटरवर रन टाकला, म्हणजे नव्या आकड्यांवर प्रोग्रॅम चालू केला. पूर्ण व्हायला रात्र लागते. मी चपात्या केल्या, जेवले आणि झोपले. कॉम्प्युटर जागा होता, तेवढं पुरे.

शुक्रवारी सकाळी रिझल्ट उघडला आणि मी उभी राहिले. का उभी राहिले माहीत नाही. जुन्या नकाशावर प्रत्येक बेटावरून जवळच्या मोठ्या बेटाकडे छोट्या सरळ रेघा होत्या. दिसायला नीट, शाळेच्या वहीतल्यासारख्या. नव्या नकाशावर त्यातल्या निम्म्या गायब होत्या. त्यांच्या जागी लांबच लांब वळणं होती. एका बंदरातून निघून वीस बेटांना वळसा घालून परत येणारी. समुद्राच्या प्रवाहाला, वाऱ्याला, मोसमाला धरून. मला प्रवाह शिकवणारं कोणी नव्हतं, प्रोग्रॅमला तर नाहीच. पण माणसांनी सांगितलेल्या पोत्या-खोक्यांमधून समुद्राचा आकार आपोआप उमटला होता. शेकडो वर्षं लोक जसे फिरत आले असतील तसा.

लामेरू लाल होतं. आणि एकटं नव्हतं. आणखी सात बेटं हिरव्याची लाल झाली होती. आम्ही त्या आठही बेटांची जहाजं बंद करा म्हणून सांगणार होतो.

ग्रॅहमला फोन केला. त्याने नकाशा उघडला.  "मी पंचवीस वर्षं विद्यार्थ्यांना ग्रॅव्हिटी मॉडेल शिकवतोय," तो म्हणाला. 

बाराच्या मीटिंगला वाहतूक विभागाच्या एक अधिकारी होत्या. थकलेल्या दिसत होत्या. मास्क हनुवटीवर. आम्ही सुरू करणार तोच एक चौकोन उघडला. इबू सिती. उशीला टेकून, डोळे ओढलेले.

"इबू, तुम्ही झोपा," चार जण एकदम म्हणाले.

"झोपलेलीच आहे," त्या खोकत म्हणाल्या. "ऐकते फक्त."

पाक योहानिसनी यादी मांडली. ग्रॅहमने सांगितलं होतं, तू मांड. अधिकारी बाईंनी जुनी यादीही समोर ठेवली होती. "सोमवारच्या मसुद्यात लामेरू हिरवं होतं. आज लाल. चार दिवसांत काय बदललं?"

मी अनम्यूट केलं. "सोमवारी माझी चूक होती. माहिती नव्हती तिथे मी शून्य धरलं होतं."

"आणि आता माहिती कुठून आली? आमची ऑफिसं तर बंद आहेत."

पाक योहानिसनी सांगितलं. विद्यार्थी, पाच प्रश्न, धक्क्यावरच्या बाया, तपासणी, ते न आलेलं जहाज. बाई ऐकत राहिल्या. न आलेल्या जहाजापाशी त्यांनी एकदम वर बघितलं आणि कोणाला तरी इंडोनेशियनमध्ये काहीतरी लिहून घ्यायला सांगितलं.

"तुमची खात्री आहे?" त्यांनी विचारलं.

"माझी नाही," पाक योहानिस म्हणाले. "मामा टिनाची आहे."

बाई पहिल्यांदा हसल्या. "माझी आईही धक्क्यावर विकायची," त्या म्हणाल्या. मग पट्ट्यांच्या बेटावर बोट ठेवलं. "आणि हे?"

"ते आम्हाला माहीत नाही," मी म्हटलं.

"बरं झालं सांगितलंत. तिथे आमचा वायरलेस आहे. मी स्वतः विचारते."

पुढच्या आठवड्यात निर्णय झाला. आठ बेटांच्या फेऱ्या तशाच ठेवल्या नाहीत, तेवढे खलाशीच नव्हते. पण बंदही केल्या नाहीत. नकाशावरची ती लांब वळणं बघून विभागाने दोन फेऱ्या जोडून एक मोठी फेरी केली. जहाज उशिरा येईल, पण येईल. ज्या ठिकाणी होड्या खरोखर जाऊ शकतात असं विद्यार्थ्यांनी सांगितलं होतं, तिथल्या फेऱ्या थांबल्या. त्यांना बिनसरकारी होड्यांनी माल पोचला. त्यातल्याही एका बेटाबाबत आम्ही चुकलो. तिथे औषधं दोन आठवडे उशिरा पोचली. हेही लिहायला हवं.

लामेरूला जहाज लागलं त्या दिवशी डेसीने ग्रुपवर फोटो टाकला. पोती, खोकी, मास्क लावलेली माणसं एकमेकांपासून लांब लांब उभी. खाली लिहिलं होतं, मामा टिना विचारतेय, हेही लिहून ठेवू का? पाक योहानिसनी लगेच उत्तर दिलं: हो, आणि तिलाच सांगू दे.

इबू सिती महिन्याने बऱ्या झाल्या. आवाज मात्र बसला तो थोडा बसलेलाच राहिला. त्या प्रकल्पाचा जो अहवाल निघाला त्यावर नऊ युनिव्हर्सिटींची नावं आहेत, नंतर विद्यार्थ्यांची लांबलचक यादी आहे आणि त्यांनी ज्यांना विचारलं त्यांची त्याहून लांब. ग्रॅहम म्हणाला होता की एवढी नावं छापत नाहीत. इबू सितींनी छापली.

मी अजून तेच सॉफ्टवेअर सांभाळते. त्यात एक बदल केलाय. कुठलीही चौकट रिकामी असेल तर प्रोग्रॅम थांबतो आणि विचारतो: तिथे कोणाला विचारलं? एखाद्या माणसाचं नाव टाकल्याशिवाय पुढे जात नाही. दरवर्षी नवे रिसर्चर तक्रार करतात की यात फार वेळ जातो. जातो खरा.